घरातील हाताळणी आणि शिशूचे शिक्षण

१. विषयाची मर्यादा

तान्ह्या मुलाचा विचार आरोग्यशास्त्र करते आणि बालवाडीत जाणाऱ्या मुलाचा विचार शिक्षणशास्त्र करते. या दोहोंच्या मधला काळ, म्हणजे पहिले वर्ष पुरे झाल्यापासून तिसरे पुरे होईपर्यंतचा काळ, 'संगोपन' या मोघम शब्दाखाली घराच्या स्वाधीन केला जातो. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. तिच्यात पूर्वप्राथमिक शिक्षणाची सेवा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठेवण्यात आली. त्याहून लहान मुलांच्या वाट्याला प्रामुख्याने पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी या सेवा आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कल्पिलेला पायाभूत टप्पाही तिसऱ्या वर्षापासूनच सुरू होतो. २०२४ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या चेतनेसाठी 'नवचेतना' नावाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा हा मधला काळ शासकीय शिक्षणविचाराच्या कक्षेत स्पष्टपणे आला. अंगणवाडी सेविकेने घरी जाऊन पालकांना लहान मुलांबरोबर करावयाच्या कृती दाखवाव्यात अशी अपेक्षा आता केली जाते. म्हणूनच अशा कृतींमधून मूल नेमके काय शिकते आणि कोणत्या परिस्थितीत शिकते, याचा विचार अभ्यासकांनी करणे अगत्याचे झाले आहे.

या प्रश्नाला व्यवहारात दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर बाजाराचे आहे : योग्य खेळणे विकत घ्यावे, म्हणजे बुद्धीचा विकास होईल. दुसरे उत्तर कृतींच्या तयार याद्यांचे आहे : आईने रोज ठरावीक वेळी मुलाला बसवून अमुक कृती करून घ्यावी, म्हणजे ते शाळेसाठी तयार होईल. पहिल्या उत्तरात शिकवण्याचे श्रेय वस्तूला दिले जाते आणि दुसऱ्यात पाठाला. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या वयात शिक्षणाचे मूल्य वस्तूतही नसते आणि पाठातही नसते. ते तीन गोष्टींच्या मेळातून निर्माण होते. वस्तूने मुलाच्या कृतीला स्पष्ट प्रतिसाद देणे, तीच कृती पुनःपुन्हा करण्याची मुभा मुलाला असणे आणि जवळच्या प्रौढाने बेताने बोलणे, या त्या तीन गोष्टी होत. त्या साध्यासुध्या घरातही उपलब्ध असू शकतात आणि खेळण्यांनी भरलेल्या घरातही दुर्मिळ असू शकतात. या विवेचनात एक ते तीन वर्षांच्या मुलाला सोयीसाठी 'शिशू' म्हटले आहे.

२. हात आणि बुद्धी

शिशू वस्तू फेकतो, आपटतो, ओततो, तोंडात घालतो. याला घरात 'उपद्रव' असे नाव आहे. या उपद्रवाकडे बुद्धीचे कार्य म्हणून पाहण्याची दृष्टी मानसशास्त्राला प्रामुख्याने जाँ पियाजे यांनी दिली. आपल्या तीन मुलांच्या दैनंदिन निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा मुलांमधील बुद्धीच्या उगमाविषयीचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंतच्या काळाला त्यांनी संवेदन-कारक अवस्था म्हटले. या अवस्थेत मुलाचा विचार त्याच्या कृतीहून वेगळा नसतो. वस्तू धरणे, फिरवणे, सोडणे हेच त्याचे विचार करणे असते.

या अवस्थेच्या सहा पायऱ्या पियाजे यांनी सांगितल्या. त्यांपैकी पाचवी, साधारणतः बारा ते अठरा महिन्यांची, आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हिच्या आधी मूल एखाद्या कृतीचा गमतीदार परिणाम दिसला की तीच कृती तशीच पुन्हा करते. पाचव्या पायरीवर ते पुनरावृत्ती करताना मुद्दाम फरक करू लागते. पियाजे यांच्या मुलाने, लोरां याने, निरनिराळ्या वस्तू हाताच्या निरनिराळ्या स्थितींतून खाली सोडून त्या कोठे व कशा पडतात हे पाहिल्याची नोंद प्रसिद्ध आहे. चमचा दहा वेळा खाली टाकणारे मूल आईच्या सहनशीलतेची परीक्षा पाहत असते, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते पतनाची परीक्षा पाहत असते. एक घटक बदलावयाचा, बाकीचे तसेच ठेवावयाचे आणि परिणाम न्याहाळावयाचा, ही प्रयोगपद्धतीची मूळ कल्पना येथे बीजरूपाने दिसते.

सहाव्या पायरीचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. पियाजे यांनी आपल्या कन्येसमोर, ल्युसिएनसमोर, आगपेटीत घड्याळाची साखळी ठेवली आणि पेटीची फट अगदी अरुंद केली. ती तेव्हा एक वर्ष चार महिन्यांची होती. बोट घालून साखळी निघेना, तेव्हा ती थांबली. तिने फटीकडे लक्षपूर्वक पाहिले, स्वतःचे तोंड अनेक वेळा उघडले व मिटले, दर वेळी किंचित अधिक उघडले. आणि त्यानंतर फटीत बोट घालून पेटी ओढून मोठी केली. 'रुंद करणे' ही कल्पना अद्याप शब्दात आलेली नव्हती. ती शरीराच्या हालचालीने मांडली गेली. हाताने केलेली कृती मनात उतरू लागल्याचा हा क्षण आहे, आणि तो घडवणारे साहित्य एक आगपेटी व एक साखळी एवढेच आहे.

पियाजे यांच्या कालगणनेत उत्तरकालीन संशोधनाने दुरुस्त्या केल्या आहेत. रेने बेयारजाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काही महिन्यांची अर्भकेदेखील अशक्य घटनेकडे अधिक वेळ पाहतात असे आढळले. म्हणजे दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात राहते याची काही जाणीव त्यांना पियाजे यांनी मानले होते त्याहून पुष्कळ आधी असते. परंतु या दुरुस्तीमुळे हाताळणीचे महत्त्व कमी होत नाही. नजरेने ओळखणे आणि त्या ओळखीचा उपयोग करून वस्तू शोधणे, उघडणे, मिळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला सराव लागतो, आणि शिशूच्या सरावाचे प्रमाण प्रौढांच्या कल्पनेपलीकडचे असते. कॅरन अडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळेपणी खेळत असता तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात असे मोजले गेले. चालण्याचा पाठ कोणी देत नाही. जागा, वेळ आणि पडण्याची मुभा मात्र द्यावी लागते. हाताच्या शिक्षणाचा न्यायही हाच आहे.

३. घरातील कृतींचे चार वर्ग

घरात सहज घडणाऱ्या हाताळणीचे अभ्यासाच्या सोयीसाठी चार वर्ग करता येतील.

(अ) भरणे व ओतणे. एका गडव्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतणे, वाटीने पातेले भरणे, चाळणीत पाणी घेऊन ते गळताना पाहणे. येथे वस्तूचा प्रतिसाद तत्काळ व निःसंदिग्ध असतो : भांडे भरले की पाणी बाहेर येते. लहान-मोठे, रिकामे-भरलेले, जड-हलके या संबंधांचा अनुभव हातातून येतो. द्रवाचे प्रमाण भांडे बदलले तरी कायम राहते हे ज्ञान मुलाला पुष्कळ पुढे, शाळेच्या वयात होते. शिशूच्या ओतण्याने ते ज्ञान लवकर येईल असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र ज्या अनुभवांवर ते पुढे उभे राहते त्यांचा संचय येथे होत असतो.

(आ) उघडणे व झाकणे. डब्यांची झाकणे, पिशवीची नाडी, मोठ्या बरणीचे फिरकीचे झाकण, एकात एक बसणाऱ्या वाट्या. प्रत्येक डब्याला त्याचेच झाकण बसते, हा नियम कोणी न सांगता डबाच सांगतो. चूक झाली की झाकण बसत नाही आणि मूल दुसरे झाकण उचलते. मारिया माँटेसोरी यांनी आपल्या दट्ट्यांच्या संचात हेच तत्त्व योजिले होते : साहित्याने चूक स्वतःच दाखवावी, म्हणजे शिक्षिकेला चूक काढावी लागत नाही. स्वयंपाकघरातील मांडणीवर हे तत्त्व पूर्वीपासून नांदत आहे.

(इ) निवडणे व जुळवणे. बटाटे एका टोपलीत व लिंबे दुसरीत टाकणे, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, चमचे व पळ्या वेगळ्या करणे. दीड वर्षाच्या सुमारास मूल सारख्या वस्तू एकत्र ठेवू लागते आणि तीन वर्षांपर्यंत एका वेळी एका गुणावरून गट पाडण्याचा प्रयत्न करते. वर्गीकरण ही तर्काची पहिली पायरी असल्यामुळे या कृतीचे मोल सहज ध्यानात येईल.

(ई) मळणे, दाबणे व फाडणे. कणकेचा गोळा चेपणे, जुना कागद फाडणे, ओल्या मातीत बोटे रुतवणे. पहिल्या तीन वर्गांत वस्तू आपला आकार टिकवते. येथे ती मुलाच्या बळाप्रमाणे आकार बदलते आणि बदललेला आकार काही वेळ तसाच राहतो. आपल्या कृतीची खूण जगावर उमटते हा अनुभव चित्रकलेच्या व लेखनाच्या आधीचा आहे. बोटांच्या लहान स्नायूंनाही यातून बळ येते.

हे चारही वर्ग एकत्र येतात ते घरकामातील प्रत्यक्ष सहभागात. येथे विचारात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सहभागाची प्रेरणा शिकवावी लागत नाही. फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अठरा महिन्यांची मुले अपरिचित प्रौढाच्या हातून पडलेली वस्तू, बक्षीस किंवा शाबासकी नसतानाही, उचलून देत असल्याचे दिसून आले. केरसुणी हातात घेऊन कचरा उलट पसरवणारे मूल कामात अडथळा आणते हे खरे. परंतु त्याचा हेतू मदतीचाच असतो. त्याला वारंवार दूर सारले तर मोडतो तो कचऱ्याचा खेळ नव्हे, कामात सामील होण्याची वृत्ती मोडते.

४. प्रौढाचे बोलणे आणि गप्प राहणे

वस्तू मुलाला प्रतिसाद देते, पण नाव देत नाही. ते काम प्रौढाचे. मूल ज्या वस्तूकडे पाहत आहे तिचेच नाव त्या क्षणी उच्चारले गेले तर शब्द व अर्थ यांची गाठ लवकर पडते, असे भाषाविकासाच्या अभ्यासातून वारंवार दिसून आले आहे. मराठी घरात या संधीला एक विशेष परिमाण आहे. आपल्या भाषेत नामाचे लिंग क्रियापदावर व विशेषणावर उमटते. 'डबा उघडला', 'बाटली उघडली', 'झाकण उघडले' ही तीन वाक्ये तीन वस्तू हाती घेतलेल्या मुलाच्या कानी पडली, म्हणजे व्याकरणातील सुसंगती त्याला वस्तूंच्या संगतीने भेटते. ओतणे, सांडणे, उपसणे, निथळणे, शिंपडणे ही क्रियापदे एका बादलीभोवती पाच मिनिटांत वापरता येतात, आणि त्यांच्यातील सूक्ष्म भेद पाणीच समजावून देते. खळखळ, टपटप, खणखण या अनुकरणवाचक शब्दांचे तर काय सांगावे. ते जणू ऐकलेल्या आवाजाचेच नामकरण होय.

खेळणे स्वतःच बोलू लागले तर काय होते, याचे उत्तर ॲना सोसा यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात मिळते. दहा ते सोळा महिन्यांची २६ मुले व त्यांचे पालक यांचे घरी खेळतानाचे बोलणे त्यांनी ध्वनिमुद्रित केले. बोलणारी व दिवे लागणारी विजेची खेळणी असताना पालक पुस्तके किंवा साधी खेळणी असतानापेक्षा कमी शब्द बोलले आणि मुलांचे उद्गारही उणावले. खेळण्याने पालकांची जागा घेतली, पण ती भरून काढली नाही. ज्यूडी डिलोच व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शब्द शिकवण्यासाठी तयार केलेली चित्रफीत महिनाभर पाहिलेली बारा ते अठरा महिन्यांची मुले न पाहिलेल्या मुलांहून अधिक शब्द शिकली नाहीत. चित्रफितीवाचून पालकांनी दैनंदिन व्यवहारात तेच शब्द शिकवले त्या गटाची प्रगती सर्वांत चांगली ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलांचा तो वेळ एका तासाहून अधिक नसावा, कमी असल्यास अधिक चांगले, अशी शिफारस केली. तिचा अर्थ या पार्श्वभूमीवर नीट कळतो. पडद्यावरील वस्तूला हात लावता येत नाही आणि पडदा मुलाच्या नजरेकडे पाहून बोलत नाही.

मात्र बोलण्याच्या आवश्यकतेवरून सतत बोलत राहावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. मूल झाकण बसवण्यात गढलेले असताना 'हे कुठे बसते? रंग कोणता?' असे प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या प्रयोगात व्यत्यय आणणे होय. लेव्ह व्हिगोत्स्की यांनी मांडलेली निकटविकासाच्या क्षेत्राची कल्पना येथे मार्गदर्शक ठरते : मूल एकटे करू शकत नाही, पण थोड्या साहाय्याने करू शकते, तेवढ्याच टप्प्यात साहाय्य फलदायी होते. बरणीचे झाकण सैल करून देणे हे साहाय्य. बरणी उघडून देणे ही हिरावणूक.

साहाय्याची रीत सर्व समाजांत एकच नसते. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वस्त्यांतील एक ते दोन वर्षांच्या मुलांची व त्यांच्या पालकांची तुलना केली. ग्वातेमालातील एक माया गाव, भारतातील एक आदिवासी खेडे, अमेरिकेतील साल्ट लेक सिटी आणि तुर्कस्तानातील एक मध्यमवर्गीय वस्ती, अशा त्या वस्त्या होत्या. मध्यमवर्गीय पालक शब्दांनी शिकवण्याकडे आणि खेळाचा पाठ करण्याकडे अधिक झुकलेले आढळले. उलट, पहिल्या दोन वस्त्यांत पालक आपले काम चालू ठेवून, नजरेने व स्पर्शाने तत्पर राहून मुलाला साहाय्य करीत. आणि मुलेही एकाच वेळी अनेक घटनांकडे लक्ष ठेवण्यात तरबेज दिसली. यावरून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. शहरी मध्यमवर्गाची बोलकी रीत हाच आदर्श मानून ती खेड्यापाड्यांत नेली, तर तेथील आईपाशी असलेले निरीक्षणातून शिकवण्याचे कौशल्य आपण उणीव म्हणून नोंदवून बसू.

५. साहित्याचे प्रमाण

खेळण्यांची संख्या वाढली की शिक्षण वाढते, या समजुतीला आधार मिळत नाही. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा ते तीस महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार व एकदा सोळा खेळणी देण्यात आली. चारच खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ व अधिक विविध प्रकारे खेळली. इंग्लंडमधील बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी बसू लागलेल्या, पण अद्याप न चालणाऱ्या मुलांसाठी घरगुती व नैसर्गिक वस्तूंनी भरलेली टोपली सुचविली, आणि त्यापुढच्या वयासाठी डबे, नळ्या, साखळ्या, कड्या अशा वस्तूंचा शोधखेळ मांडला. दोन्हींत त्यांचा आग्रह एकच होता : प्रौढाने जवळ बसावे, परंतु खेळ चालवू नये. लाकूड, पितळ, काथ्या, कापड, दगड यांचे वजन, ऊब, वास व नाद निरनिराळे असतात. एकाच प्लॅस्टिकाच्या विविधरंगी वस्तूंत हे वैविध्य फक्त डोळ्यांपुरते उरते.

६. धोक्याचा विचार

घरगुती कृतींविषयीचे पुष्कळ लेखन येथे निष्काळजी असते, म्हणून हा भाग स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक आहे. हरभरे, शेंगदाणे, वाटाणे, राजमा, चिंचोके, मणी, नाणी या वस्तू मोजण्या-निवडण्यासाठी सर्रास सुचविल्या जातात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती त्या देऊ नयेत. या वयाचे मूल वस्तूची ओळख तोंडाने करून घेते, त्याच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासमार्ग अरुंद असतो. कोरडा दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत अडकला तर ओलाव्याने फुगतो. लहान भागांच्या चाचणीसाठी खेळण्यांच्या मानकांत सुमारे ३.२ सें.मी. व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयाला अयोग्य ठरते. घरातही हाच दंडक पाळावा. वाटाणे सोलण्याऐवजी शिशूने अख्ख्या शेंगा एका टोपलीतून दुसरीत टाकाव्यात, तेही प्रौढाच्या नजरेखाली. दाणे निवडणे पुढच्या वयासाठी राखावे.

पाण्याचे काम उथळ परातीत व प्रौढ हाताच्या अंतरावर असतानाच चालावे, कारण थोडे पाणी असलेली बादलीही शिशूला घातक ठरू शकते. खेळण्यांतील किंवा उपकरणांतील बटणाच्या आकाराचे विद्युतघट गिळले गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते; ते घराबाहेर ठेवता येत नसतील तर निदान कुलपात ठेवावेत. ही सावधगिरी हाताळणीच्या विरोधात नाही. धोकादायक वस्तू आधीच दूर केल्या, तरच उरलेल्या वस्तूंबाबत 'हात लावू नकोस' असे म्हणावे लागत नाही.

७. महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

येथे मांडलेला विचार आपल्याकडे नवा नाही. माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि ओतणे, झाडणे, गुंड्या लावणे अशा जीवनव्यवहारातील कृतींना अभ्यासक्रमात स्थान दिले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू करून ही पद्धती भारतीय भूमीत रुजविली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यापुढे लवकरच एक कठीण प्रश्न उभा राहिला : माँटेसोरीचे महागडे साहित्य जेथे पोचूच शकत नाही, त्या मुलांचे काय? १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. शंख-शिंपले, पाने, बिया, खडे, काड्या यांतून त्यांनी इंद्रियशिक्षणाचे साहित्य उभे केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना व ते नाव या अनुभवातून पुढे आले.

ताराबाईंच्या कार्यातील तत्त्व स्वस्त साहित्य एवढेच मानले तर त्याचा अर्धाच अर्थ हाती येतो. साहित्य मुलाच्या परिसरातले असावे, म्हणजे शाळेत शिकलेले अंगणात निरुपयोगी ठरत नाही, हा त्याचा दुसरा व अधिक मोलाचा अर्धा भाग. त्यांची मुले शिशूवयाच्या पुढची व शिक्षिकेच्या देखरेखीखालची होती. म्हणून बियांचे साहित्य जसेच्या तसे शिशूच्या हाती देता येणार नाही. परंतु अंगणातून एक पाऊल आत, ओसरीवर व स्वयंपाकघरात, तेच तत्त्व शिशूपर्यंत नेता येते.

८. गरीब घराचा प्रश्न

अशा साध्या कृतींनी मुलाच्या आयुष्यात टिकाऊ फरक पडतो काय? या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ पाठपुरावा जमेकात झाला. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. एका गटाला पूरक आहार, दुसऱ्याला खेळ व संवादाची चेतना, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीही नाही, अशी रचना दोन वर्षे चालली. चेतनेच्या गटांतील घरी आरोग्यसेविका आठवड्यातून सुमारे एक तास जात आणि घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईला करून दाखवीत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आहार व चेतना या दोहोंचाही मुलांच्या विकासावर लाभ दिसला. पुढील वर्षांत आहाराचा बौद्धिक लाभ टिकला नाही, चेतनेचा टिकला. वीस वर्षांनंतर त्या मुलांची मिळकत चेतना न मिळालेल्यांहून सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. याच धर्तीचा कार्यक्रम पुढे बांगलादेश, कोलंबिया आणि भारतात कटक येथील झोपडवस्त्यांतही राबविला गेला आणि तेथेही मुलांच्या बोधात्मक विकासाला लाभ झाल्याचे नोंदले गेले.

जमेकाच्या प्रयोगातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही एकत्र ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला आशादायक आहे : मुलाच्या शिक्षणाला आवश्यक असे साहित्य गरिबातल्या गरीब घरातही असू शकते. दुसरा जबाबदारीचा आहे : साहित्य असले तरी वेळ आणि विश्वास यांची सोय कोणीतरी करावी लागते. त्या आयांना खेळणी पुरवून सेविका निघून गेल्या नाहीत. त्या दोन वर्षे, आठवड्यामागून आठवडा, घरी येत राहिल्या. दिवसभर मजुरी करून संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या आईच्या हाती कृतींची यादी देऊन 'हे रोज करा' असे सांगणे म्हणजे तिच्या कामात आणखी एका कामाची भर घालणे होय. ती यादी पुरी झाली नाही तर दोषही तिच्याच माथी येतो. म्हणून कृती कामाच्या वेळी व कामाच्या वस्तूंनीच घडावी, आणि तिच्यात बाप, आजी, आजोबा, मोठी भावंडे यांचा वाटा असावा, हे केवळ सोयीचे नाही, न्यायाचेही आहे. भाकरी थापणाऱ्या आईजवळ पिठाचा एक गोळा घेऊन बसलेले मूल, चुलीपासून सुरक्षित अंतरावर असेल तर, वेगळा पाठ न घेताच शिकत असते.

९. समारोप

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. शिशूच्या बुद्धीचे कार्य हाताने चालते. त्या कार्याला प्रतिसाद देणारी वस्तू, पुनरावृत्तीची मुभा आणि नेमक्या वेळी बोलणारा प्रौढ एवढी सामग्री लागते. वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात असतात. मुभा ही घरच्या धारणेवर अवलंबून असते, आणि प्रौढाचा मोकळा वेळ समाजाच्या रचनेवर. यांपैकी पहिली गोष्ट बाजार पुरवू पाहतो. उरलेल्या दोन पुरविण्याचे काम शिक्षणाचे व लोकनीतीचे आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांना या क्षेत्रात अल्प साधनांनी मोलाचे काम करता येईल. एका घरी, आईच्या संमतीने, वीस मिनिटांचे निरीक्षण तीन रकान्यांत नोंदवावे : हाती असलेली वस्तू, मुलाची कृती आणि प्रौढाने काय केले किंवा कोणते शब्द उच्चारले. मूल त्याच वस्तूकडे किती वेळा परत आले, दर वेळी कृतीत काय बदलले आणि प्रौढाने नेमके कोठे हात घातला, याची मोजदाद करावी. खेडे व शहर, संयुक्त व विभक्त कुटुंब, मजूर व नोकरदार आई असलेली घरे यांतील अशा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे 'नवचेतना'सारख्या योजनांतील कृती कोठे नव्याने शिकवाव्या लागतील आणि कोठे घरात आधीपासूनच असलेल्या रीतीला केवळ मान्यता द्यावी लागेल, हे ठरवता येईल. कोणत्याही घरी सल्ला घेऊन जाण्यापूर्वी त्या घरातील मूल आज काय करीत आहे हे पाहणे, ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी आहे.